छत्री उघडते, पुढे काय?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून.)



आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं की काही जणांनी आपापल्या छंदाबद्दल वीस मिनिटं बोलायचं, आणि श्रोत्यांनी प्रश्न आधीच पाठवायचे. माझ्याकडे तेरा प्रश्न आले. त्यातले नऊ प्रश्न एकच होते: "छत्री उघडली नाही तर?" दोघांनी विचारलं, घरचे काही बोलत नाहीत का. एकाने खर्च विचारला. आणि एका मैत्रिणीने दोनच शब्द लिहिले: "या वयात?" तेव्हा आज याच प्रश्नांची उत्तरं देते. शिवाय कुणीच न विचारलेल्या एका प्रश्नाचंही देते, कारण खरा धोका त्यात आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. मालवणला किंवा गोव्याला बोटीला दोर बांधून माणसाला वर नेतात, ते पॅरासेलिंग. कामशेतला, पाचगणीला छत्री आधी उघडून डोंगरउतारावरून धावत सुटतात, ते पॅराग्लायडिंग. मी करते ते स्कायडायव्हिंग: विमानातून बाहेर पडायचं, मिनिटभर मोकळं पडायचं आणि मग छत्री उघडून उतरायचं. माझी आत्या अजूनही पाहुण्यांना सांगते, "आम्ही तारकर्लीला केलं ना, तेच ही अमेरिकेत करते." मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. सोळा वर्षं कॅलिफोर्नियात आहे, नोकरी सॉफ्टवेअरची. लॉस एंजेलिसपासून साधारण दीड तासावर पेरिस नावाचं गाव आहे. फ्रान्सचं पॅरिस नव्हे. रेल्वेच्या एका इंजिनिअरच्या आडनावावरून पडलेलं हे नाव. तिथे मी उडी मारते. ट्विन ऑटर जातीच्या विमानात आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीने बसतो आणि साडेबारा हजार फुटांवर दार उघडतं. पोटावर आडवं पडत असताना वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. पन्नासएक सेकंदांनी छत्री उघडायची, मग चार-पाच मिनिटं तिच्याखाली तरंगत उतरायचं. पहिला परवाना, म्हणजे 'ए' लायसन्स, किमान २५ उड्यांनंतर मिळतो. माझ्या आजवर चारशेच्या वर उड्या झाल्यात.

आता त्या नऊ जणांचा प्रश्न. छत्री उघडली नाही तर काय? तर दुसरी उघडायची.

पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीची घडी बहुतेक जण स्वतः घालतात. राखीव छत्रीला मात्र आम्ही हात लावायचा नाही. तिची घडी सरकारी परवाना असलेला रिगरच घालतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी, ती एकदाही वापरली नसली तरी, उघडून, तपासून पुन्हा भरावी लागते. भरून झाली की रिगर लाल दोरा आणि शिशाचं सील लावतो, आणि सोबतच्या कार्डावर तारीख घालून सही करतो. सील तुटलेलं असेल तर ती पिशवी पाठीला लावायची नाही.

छातीवर दोन हँडल असतात. उजवं ओढलं की बिघडलेली मुख्य छत्री अंगापासून सुटून जाते. डावं ओढलं की राखीव छत्री बाहेर येते. खांद्यावर एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. बिल बूथ या माणसाने १९७० च्या दशकात ही रचना शोधली आणि त्यामुळे एका हाताच्या झटक्यात अख्खी छत्री सोडता येऊ लागली. आणि एवढं करूनही माणूस बेशुद्ध झाला किंवा उंचीचं भान हरपलं, तर पिशवीत एक छोटं यंत्र असतं. सायप्रस नावाचं असं यंत्र १९९१ मध्ये जर्मनीत तयार झालं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवरही आपण दगडासारखे पडत असलो, तर राखीव छत्री बांधून ठेवणारा दोर ते कापतं आणि ती बाहेर येते.

हे सगळं मी वापरून पाहिलंय का? सायप्रसची वेळ आलेली नाही, येऊही नये. राखीव छत्री मात्र एकदा वापरली आहे. माझी २३७ वी उडी होती. चार हजार फुटांवर छत्री उघडली, पण तिची एक दोरी कापडावरून पलीकडे गेली. छत्रीचे दोन गोळे झाले आणि मी गरगर फिरायला लागले. आम्हाला शिकवलेलं असतं की छत्रीकडे बघून तीन प्रश्न विचारायचे: उघडली आहे का, चौकोनी आहे का, वळवता येते का? तिन्हीची उत्तरं "हो" असतील तरच ती ठेवायची. माझ्या छत्रीने दुसऱ्याच प्रश्नाला दांडी मारली. उजवं हँडल, डावं हँडल. माझ्या डोक्यावर राखीव छत्री आली तेव्हा मी तीन हजार फुटांच्या थोडी वर होते.

या प्रसंगातलं धाडस मला विचारू नका, कारण त्यात धाडस नव्हतंच. तिथे मी कुठलाही निर्णय घेतला नाही. तो आधीच घेतलेला होता. विद्यार्थी असताना नियम असतो की अडीच हजार फुटांच्या वर निर्णय झालाच पाहिजे. परवाना वरचा मिळाला की ती मर्यादा १,८०० फुटांपर्यंत खाली आणता येते. मी माझ्यासाठी अडीच हजारच ठेवली आहे. दर शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी मी दिवाणखान्यात उभी राहून म्हणते: "उजवं बघ, उजवं पकड, उजवं ओढ, डावं ओढ." माझ्या मुलीला हे पाढ्यांसारखं पाठ झालंय. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. नवं सॉफ्टवेअर रात्री चालू करताना 'काय बिघडलं तर मागे फिरायचं' हे दुपारीच लिहून ठेवतात. कारण रात्री दोन वाजता, सगळं पेटलेलं असताना, माणूस "अजून पाच मिनिटं बघू" असंच म्हणतो. आकाशात पाच मिनिटं नसतात.

राखीव छत्रीने वाचवलं की ती भरणाऱ्या रिगरला बाटली भेट द्यायची, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. मी बाटलीबरोबर चकल्यांचा डबाही दिला. चकल्या आधी संपल्या.

आता कुणी न विचारलेला प्रश्न. छत्री नीट उघडली, तर काय?

आधी थोडे आकडे सांगते. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जण गेले. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जात. साधनं सुधारली, शिकवण्याची पद्धत सुधारली, हा त्याचा परिणाम. पण आता जे अपघात होतात त्यांतला मोठा वाटा अशांचा असतो, ज्यांच्या डोक्यावर पूर्ण उघडलेली, एकही दोष नसलेली छत्री होती. ते उतरताना जातात, किंवा कायमचे जायबंदी होतात. त्याच बिल बूथचं एक निरीक्षण आमच्यात प्रसिद्ध आहे: साधनं जितकी सुरक्षित होतात, तितकी माणसं जास्त जोखीम घेतात आणि हिशेब पुन्हा बरोबरीत आणतात.

हे कसं घडतं ते सांगते. जुन्या लष्करी गोल छत्र्या माणसाला नुसतं खाली आणत. आताची चौकोनी छत्री हा कापडी पंख असतो. पुढच्या बाजूने कप्प्यांत हवा शिरते आणि पंख फुगतो. दोन हातांत दोन दोऱ्या. उजवी ओढली की उजवीकडे वळते. पण वळताना ती नुसती वळत नाही, सूर मारते. हजार फुटांवर त्याचं काही वाटत नाही. पण जमिनीपासून शंभर फुटांवर कुणी आडवं आलं, कुंपण दिसलं आणि घाबरून एक दोरी जोरात ओढली, तर छत्री सरळ व्हायच्या आत जमीन येते. म्हणून आम्हाला घोकून घ्यायला लावतात: पंख समांतर ठेव, वाऱ्याला आडवं उतरावं लागलं तरी चालेल, खाली आल्यावर वळू नकोस. आडवं उतरून लोळण घेतली तर कोपर सोलवटतं, पँट फाटते. बस.

आणि छत्री जितकी छोटी, तितका हा सूर वेगवान. इथे साधनांच्या निवडीचा प्रश्न येतो. त्याचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल. माझं वजन ५७ किलो, कपडे आणि सगळं सामान ११ किलो. एकूण ६८ किलो, म्हणजे १५० पौंड. माझी छत्री १७० चौरस फुटांची. १५० भागिले १७०, म्हणजे प्रत्येक चौरस फुटावर साधारण ०.८८ पौंड. नवशिक्याने हा आकडा एकच्या वर नेऊ नये असं सांगतात. पण हलक्या वजनाच्या माणसांनी, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच बायकांनी, एक गोष्ट जास्त लक्षात ठेवायची. भागाकार तोच आला तरी छोटी छत्री मोठ्या छत्रीपेक्षा जास्त चपळ असते, कारण तिच्या दोऱ्या आखूड असतात. ९० किलोच्या माणसाला जो आकडा सौम्य, तोच आपल्याला तिखट लागू शकतो. आकडा बरोबर आहे म्हणून कुणी १२० चौरस फुटांची छत्री गळ्यात मारत असेल, तर नमस्कार करायचा.

माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. तिला वापरलेली एक सुंदर छत्री स्वस्तात मिळाली. चालू छत्रीपेक्षा दोन मापं छोटी. पुढेमागे त्या मापावर यायचंच आहे, मग दोनदा खर्च कशाला, असा तिचा विचार. आपल्यातल्या कुणीही हाच विचार केला असता. मुलांचे बूट आपण एक माप मोठेच घेतो ना! काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका मैदानावर उतरताना समोर एक माणूस आला आणि तिने डावी दोरी ओढली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कंबरेच्या हाडाला तडे गेले. काठीशिवाय चालायला तिला चौदा महिने लागले. तिच्या छत्रीत शेवटपर्यंत काही दोष नव्हता. हवेत असताना तिने केलं ते कुणाच्याही हातून झालं असतं. मोठ्या छत्रीखाली त्याच झटक्याची किंमत बहुधा एक मुरगळलेला पाय असती. आता ती उडी मारत नाही, पण नव्या मुलांना छत्रीचं माप कसं ठरवायचं ते शिकवते, आणि तिच्याइतकं कुणाचंच ऐकत नाहीत.

आपल्या पार्किंगमध्ये गाडी जितकी मोठी तितका मान. आमच्या मैदानावर छत्री जितकी छोटी तितका मान. "अजून १७०च?" हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मी म्हणते, "हो, अजून १७०च." हे तीन शब्द शांतपणे म्हणता येणं, हे मी या खेळात शिकलेलं सगळ्यांत अवघड कौशल्य आहे. विमानातून उडी मारणं त्यामानाने सोपं.

खर्च विचारणाऱ्या मित्रासाठी: एका उडीचं तिकीट साधारण तीस डॉलरच्या आसपास. सगळं सामान नवं घेतलं तर आठ-दहा हजार डॉलर, वापरलेलं त्याच्या निम्म्यात किंवा कमीत. पण पहिल्या वर्षी काहीच मोठं घेऊ नये. छत्रीचं माप बदलत असतं, तोवर सामान भाड्याने घ्यावं. आधी स्वतःचं हेल्मेट, गॉगल आणि उंची दाखवणारं घड्याळ घ्यावं. वापरलेलं सामान आपल्या ओळखीच्या रिगरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि पट्टे आपल्या अंगाच्या मापाचे हवेत. सहा फुटी पुरुषासाठी शिवलेले पट्टे माझ्या अंगावर सैल बसले, तर हँडल जिथे हात जातो तिथे राहत नाहीत. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पिशवी बंद ठेवणारा दोऱ्याचा छोटा फास. त्याची किंमत चहाइतकी. तो विरला असेल तर छत्री नको त्या वेळी, विमानाच्या दारातही उघडू शकते. म्हणून तो विरलेला दिसला की त्याच दिवशी बदलायचा.

"या वयात?" असं विचारणाऱ्या मैत्रिणीला सांगते, वयाने दोनच अडचणी केल्या. एक, गुडघे. छत्रीची घडी जमिनीवर गुडघे टेकून घालावी लागते, आणि उडीपेक्षा तीच दुखते. दुसरी, चाळिशी. मनगटावरच्या घड्याळातले काटे धूसर दिसायला लागले, तेव्हा मी मोठ्या आकड्यांचं डिजिटल घड्याळ घेतलं आणि हेल्मेटमध्ये ठरलेल्या उंचीवर कानात वाजणारं यंत्र बसवलं. उंची वाचता येत नसेल तर उडी मारायची नाही, एवढं सोपं आहे. बाकी चाळिशीचा फायदाच आहे. या वयात आपल्याला कळलेलं असतं की वाट पाहिल्याने काही बिघडत नाही.

आणि या खेळात वाट पाहणंच जास्त असतं. शनिवारी साडेपाचला उठायचं. मैदानावर पोचलं की वारा बघायचा. जोराचा असेल तर बसून राहायचं, डबा खायचा. दिवसभरात चार उड्या झाल्या, तर मोकळं पडणं एकूण तीन-साडेतीन मिनिटं. उरलेला वेळ घडी घालणं, तपासणं, आदल्या उडीचा व्हिडिओ बघणं आणि वहीत नोंद करणं. तपासणी तीनदा होते: पिशवी पाठीला लावण्यापूर्वी, विमानात चढण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी. शेवटी एकमेकांच्या पाठीवरची पिन बघायची. आपले पी.टी.चे सर सोमवारी रांगेत नखं आणि रुमाल तपासायचे, अगदी तसं. तेव्हा वाटायचं, रोज काय तेच? आता कळतं की रोज तेच असतं म्हणून तर ते उपयोगाचं असतं.

कधी कधी वर जाऊनही उडी मारायची नसते. ढग सरकतात, वारा फिरतो, किंवा नुसतंच मन लागत नाही. मग विमानातूनच खाली यायचं. मी सहा वेळा आलेय. एकदा कारण एवढंच होतं की आदल्या रात्री झोप झाली नव्हती. पायलटसुद्धा काही विचारत नाही. ज्या गटात अशा माणसाची थट्टा होते, त्या गटाबरोबर मी उडी मारत नाही.

घरचे काय म्हणतात? नवरा उडी मारत नाही, पण त्याने एक दिवस मैदानावर बसून सगळी तपासणी पाहिली, आणि मग आमचं नीट बोलणं झालं. विम्याचा अर्ज भरताना मी हा छंद स्पष्ट लिहिला. बऱ्याच पॉलिसींमध्ये असे खेळ वगळलेले असतात, आणि ते वाचायची वेळ घरच्यांवर नंतर येऊ नये. हप्ता वाढला, तो भरते. आईशी करार आहे की शेवटच्या उडीनंतर एक शब्द पाठवायचा: "उतरले." तिथली संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. ती चहा ठेवते तेव्हा माझा शब्द पोचलेला असतो.

आपल्याकडच्या बायकांना हे नवं नाही, हेही सांगायला हवं. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ मध्ये आग्र्याला उडी मारली, त्या भारतातल्या पहिल्या महिला पॅराट्रूपर. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली. तो फोटो पाहून सगळे साडीबद्दल बोलत होते. माझी नजर आधी हँडलं मोकळी आहेत का हेच शोधत होती. सवय, दुसरं काय!

शेवटी, तुमच्यातले काही जण कधी दुबईला, ऑस्ट्रेलियाला जाल आणि प्रशिक्षकाला बांधून टँडम उडी माराल. जरूर मारा. वजन खरं सांगा, दोन किलो कमी नको. प्रशिक्षकाला त्याचा अनुभव विचारायला लाजू नका. अमेरिकेच्या नियमांत त्याला किमान तीन वर्षं आणि ५०० उड्या लागतात. उतरताना तो "पाय वर" म्हणाला की खरंच वर घ्या. टँडममध्ये पाय मोडतात ते बहुतेक तिथे. वाऱ्यामुळे त्यांनी उडी रद्द केली तर चिडू नका. पैसे आणि सुट्टी वाया गेल्याचं वाईट वाटेल, पण ती माणसं त्यांचं काम चोख करत आहेत. आणि तुमच्या मुलांनी उद्या असं काही करायचं म्हटलं, तर "पडशील" म्हणण्याआधी विचारा: "कधी नाही म्हणायचं, हे तू ठरवलंयस का?" उत्तर तयार असेल तर जाऊ द्या. नसेल तर थांबवा.

माझी मुख्य छत्री मी सामानातून आणली आहे. भाषणं संपली की ध्वजस्तंभाजवळच्या मैदानावर ती पसरते. १७० चौरस फूट म्हणजे केवढं ते मुलांना बघू द्या. फक्त चपला काढून या आणि घडी घालताना मदत करा. दोऱ्यांना गाठ मारणाऱ्याला मात्र सरांकडे पाठवण्यात येईल.